खिडकीजवळची तिसरी खाट

"स्वतःच्या घरात संडासात पाणी सोडायचीसुद्धा चोरी. वर म्हणे, ही लोकांची सेवा."

सासूबाई हे पुटपुटल्या ते बेडरूमच्या बंद दाराला जवळजवळ तोंड लावून. आत ऐकू तर जावं, पण विचारलंच कुणी तर आपण काही बोललोच नाही असं म्हणता यावं, इतका बेताचा आवाज त्यांनी वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावला होता. आत कात्रीबाईंना शब्दन् शब्द ऐकू आला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून सव्वीस मिनिटं. बातम्या संपायला अजून चार मिनिटं होती, आणि तेवढा वेळ सासूबाईंना धीर धरणं भाग होतं.

हा नियम उगाच आलेला नव्हता. बातम्या घरून सुरू झाल्या त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी ऐन मृतांच्या आकड्याला फ्लश दाबला होता. भिंतीपलीकडचा तो धबधबा कात्रीबाईंच्या माइकमधून थेट निवेदिकेच्या कानात कोसळला. तिच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला, आणि दुसऱ्या दिवशी शे-दीडशे लोकांनी कळवलं की तुमची बाई मेलेल्यांचा आकडा सांगताना हसते. तेव्हापासून सात ते साडेसात घरातले नळ, भांडी, मिक्सर आणि फ्लश यांना सुट्टी असे.

कात्रीबाई हे काही खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि ते तिथेच सुखाने राहत असे. टेपच्या जमान्यापासून त्या बातम्यांची चित्रं कापत आणि जोडत आल्या होत्या. कुठे तोडायचं हे त्यांच्या बोटांना डोक्याच्या आधी कळायचं. साथ येण्यापूर्वी त्या एका काळोख्या खोलीत बसत. तिथून निघालेली बातमी पुढे चार जणांच्या नजरेखालून जाई. कुणी म्हणे, हा माणूस पुन्हा आलाय, कुणी म्हणे, खाली तारीख चुकलीय. वैताग यायचा, भांडणं व्हायची, पण चूक सापडायची.

मग ध्वनिमुद्रक आजारी पडला, त्यामागे मेकअपवाली, आणि एका सकाळी स्टुडिओला कुलूप लागलं. दुपारी ऑफिसची गाडी आली आणि दोन माणसांनी हातमोजे घालून एक यंत्र कात्रीबाईंच्या बेडरूममधल्या ड्रेसिंग टेबलावर आणून ठेवलं. आरशावर चादर टाकली, कारण काम करताना सतत स्वतःचं तोंड दिसणं पन्नाशीच्या उंबरठ्यावर कुणालाच सोसत नाही. आता निवेदिका तिच्या घरातून बोलायची, तिचं चित्र या यंत्रात यायचं, कात्रीबाई त्यावर बातम्यांची दृश्यं चढवायच्या, आणि त्यांच्या बोटाखालून निघालेलं ते थेट लोकांच्या दिवाणखान्यात पोचायचं. मधल्या सगळ्या नजरा गेल्या. चार माणसांच्या जागी एक टेबलफॅन आला, तोही यंत्र तापू नये म्हणून.

साडेसात झाले. कात्रीबाईंनी कानातला इअरफोनचा बोळा काढला आणि दार उघडलं. सासूबाई त्यांना ओलांडून न्हाणीघरात गेल्या आणि जाता जाता, मनातलं बोलून टाकावं तसं म्हणाल्या, "काय गं, तो खिडकीजवळचा म्हातारा. दोन महिने झाले, रोज हात हलवतोय. एवढा बरा झालाय तर त्याला घरी का सोडत नाहीत?"

लेक तिच्या खोलीतून खो खो हसली. कात्रीबाईही हसल्या. पण हसताना आत कुठेतरी काटा मोडल्यासारखं झालं.

म्हातारा म्हणजे काय होता, तर अकरा सेकंदांचा एक शॉट. मोठ्या इस्पितळातला वॉर्ड, एका रांगेत खाटा, खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन, आणि तिसऱ्या खाटेवर उशीला टेकून बसलेले एक गृहस्थ. ते कॅमेऱ्याकडे बघतात, ओळखीचं माणूस दिसावं तसे हसतात आणि हात हलवतात. त्या दिवसांत अशी चित्रं दुर्मीळ होती. लोकांना धीर येई. कॅमेरामन लांब्याने ते टिपलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी इस्पितळाने कॅमेऱ्यांना दार बंद केलं, आणि मग इस्पितळाची बातमी आली की तोच शॉट, कारण दुसरा होताच कुठे?

सुरुवातीला कात्रीबाईंनी कोपऱ्यात 'संग्रहित' अशी पट्टी लावली होती. जुनं चित्र असलं की ती लावायची, हा धंद्यातला पहिला धडा. चारेक दिवसांनी वृत्तसंपादकांचा फोन आला. त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेब म्हणाले की बाई, हल्ली आपल्या बातम्यांत जिकडेतिकडे संग्रहितच दिसतंय, लोक म्हणतील हे घरी हातपाय पसरून बसलेत. पट्टी काढा. कात्रीबाईंनी थोडी कुरकुर केली आणि काढली. मनुष्यबळ इतकं घटलं होतं की साहेब स्वतःच बातम्या लिहीत. कालची बातमी उघडायची, आकडा बदलायचा, वार बदलायचा, झाली आजची बातमी. असं करता करता कधीतरी 'ही दृश्यं' च्या आधी 'आजची' हा शब्द येऊन बसला. निवेदिकेने तो वाचला. कात्रीबाईंनी तो ऐकला. त्यावर आपला शॉट चढवला. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. सगळे दमले होते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेक्षकांचा फोन त्यांच्या वाट्याला होता. ऑफिसचा तो नंबर आता आळीपाळीने एकेकाच्या घरी वाजायचा. पहिल्या माणसाने दुकानं कधी उघडणार ते विचारलं. दुसऱ्या बाईंनी निवेदिकेच्या मागचं पुस्तकांचं कपाट तिरकं आहे, ते बघून डोकं दुखतं असं सांगितलं. तिसऱ्याला कुणाशी तरी नुसतं बोलायचं होतं. चौथा फोन एका शिंपिणीचा होता. मी कपडे शिवते, हल्ली नुसते मास्क, अशी ओळख तिने करून दिली. आपल्याला तक्रार करायची नाही हे तिने दोनदा सांगितलं. आवाज अगदी सपाट होता, रडून झाल्यानंतरचा असतो तसा.

खिडकीजवळच्या तिसऱ्या खाटेवर माझे वडील आहेत, ती म्हणाली. तुम्ही ते पहिल्यांदा दाखवलंत, त्याच्या तिसऱ्या दिवशी ते गेले. आज नऊ आठवडे झाले.

कात्रीबाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

पुढचं शिंपिणीने हळूहळू सांगितलं. देह कुणालाच बघायला मिळाला नाही. बंद गाडीतून नेलं, आणि घरच्यांच्या हातात फाटकापाशी एक कागद दिला. आई तेव्हापासून म्हणते, कागद कुणाचाही असेल, माणूस तर मी रोज बघते. सातच्या आधी ती केस विंचरून टीव्हीपुढे बसते. त्यांनी हात हलवला की हीपण हलवते. मी समजावलं, भावाने समजावलं, डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. आम्ही तिला फसवतोय असं तिला वाटतं.

"काल तुमच्या बाई म्हणाल्या, आजची ही दृश्यं. आई माझ्याकडे वळून म्हणाली, आता बोल."

तो शॉट आजपासून दिसणार नाही, मी शब्द देते, असं कात्रीबाई कसंबसं बोलल्या. पलीकडून ताबडतोब उत्तर आलं, आणि त्यात पहिल्यांदाच धार होती.

"नुसतं बंद करू नका. बंद केलंत तर ती म्हणेल, ते कालच गेले, आणि तू मला भेटायला जाऊ दिलं नाहीस. तिने त्यांचे कपडे पिशवीत भरून ठेवलेत. उद्या सकाळी आणायला जाते म्हणाली आहे. सत्तरी उलटलेली बाई, त्या इस्पितळात. मी दार अडवून उभी राहीन, पण किती दिवस? तुम्ही सांगा. त्या बाईंनीच सांगायला हवं, रोज सांगतात त्यांनी. तिचा माझ्यापेक्षा त्यांच्यावर विश्वास आहे. नाव नका घेऊ. तिसरी खाट म्हणा, तिला कळेल."

फोन ठेवल्यावर कात्रीबाईंनी यंत्र सुरू केलं आणि तो शॉट मुळातून उघडला, लांब्याने दिला होता तसा, अख्खा. अकरा सेकंदांनंतर हलता हात थांबतो. मग तो पांघरुणावर पडतो. गृहस्थांना खोकला येतो, थांबत नाही, परिचारिका धावत येते आणि पडदा ओढते. हे सगळं त्यांनी तेव्हा पाहिलं होतं. पाहून, हात खाली यायच्या आत, अचूक जागी कापलं होतं. त्या कटाबद्दल तेव्हा त्यांना स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं होतं.

साहेबांना त्यांनी लगेच फोन लावला. साहेब त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. पहिलीवहिली बातमी कापायला ते याच बाईंच्या शेजारी स्टुलावर बसले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांची बायको आठवडाभर आतल्या खोलीत एकटी पडून होती, ते दाराबाहेर ताट ठेवत आणि दाराशीच बसून बातम्या लिहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मोठा उसासा टाकला आणि म्हणाले की फार वाईट झालं, तो शॉट कायमचा काढून टाका, दुसऱ्या इस्पितळाचा कॉरिडॉर आहे आपल्याकडे, तो लावा. विषय संपला.

कात्रीबाई म्हणाल्या की विषय काढून टाकण्याचा नाहीच, सांगण्याचा आहे.

"बाई, एक खाट जुनी आहे असं सांगितलं की लोक विचारतील, बाकीच्या कधीच्या? मग काय सांगायचं? तुम्हीच सांगा, बाकीच्या कधीच्या?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. कॉरिडॉर जुना होता. रुग्णवाहिका जुनी होती. चाचणीच्या रांगेतल्या माणसांच्या अंगावर तर अजून थंडीचे स्वेटर होते, आणि बाहेर घामाच्या धारा लागल्या होत्या. साहेब मग चिडून म्हणाले की आधीच लोक म्हणतात रोग खोटा, आकडे खोटे. त्या लोकांना आपण आयतं हातात द्यायचं का?

"आयतं तर आपण त्यांना रोज सातला देतोय," कात्रीबाई म्हणाल्या. साहेबांनी फोन ठेवला.

मग त्यांनी लांब्याला गाठलं. सहा फूट दोन इंचांचा हा माणूस हल्ली इस्पितळाच्या फाटकाबाहेर उभा राहून, झाडूच्या दांड्याला माइक बांधून, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोलणं टिपत असे. त्याला त्या खाटेवरचे गृहस्थ चांगलेच आठवत होते. त्यांनी विचारलं होतं की हे बायकोला दिसेल का. लांब्या म्हणाला होता, सातला दिसेल. तेव्हा त्यांनी हात हलवला. हात हलवा असं आपण सांगितलं नव्हतं, हे त्याने शपथेवर सांगितलं. मग म्हणाला की रोज बातमीच्या शेवटी कॅमेरा म्हणून माझं नाव येतं, मुलं घरी टाळ्या वाजवतात, आणि त्या दिवसानंतर मी त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलेलं नाही.

"मग बोलला का नाहीस इतके दिवस?"

"तू बोललीस?"



दुपारी जेवताना त्यांनी सासूबाईंना सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सुनेचा घास हातातच राहिलेला सासूबाईंच्या नजरेतून सुटेल, हे शक्य नव्हतं. म्हातारीने सगळं ऐकलं. कालचं स्वतःचं बोलणं तिला आठवलं असावं, कारण तिने ताट पुढे सरकवलं आणि बराच वेळ टेबलाच्या कडेवरचा एक वाळका डाग नखाने खरवडत बसली.

"माझ्या नवऱ्याला मी शेवटची आंघोळ घालून पाठवलं," ती शेवटी म्हणाली. "तेव्हा कुठे मला पटलं. या बाईला काय मिळालं? कागद." मग उठता उठता, नेहमीच्या खाष्टपणावर येत तिने विचारलं, "तू काय करणार आहेस ते आधी सांग. नुसतं तोंड पाडून माझ्यासमोर बसू नकोस."

काय करणार ते कात्रीबाईंना साडेपाचला कळलं. संध्याकाळच्या बातम्या एका सामायिक कागदावर लिहिल्या जात. कागद म्हणजे पडद्यावरचा, जो प्रत्येकाला आपापल्या घरी एकाच वेळी दिसे. साहेबांची खूण हिरवी, कात्रीबाईंची तांबडी. त्यांचं काम फक्त चित्रांच्या वेळा लिहिण्याचं. आज त्यांनी तिसऱ्या बातमीखाली दोन ओळी लिहिल्या: यापूर्वी दाखवलेली या इस्पितळातली दृश्यं जुनी होती, ती आजची म्हणून दाखवली ही आमची चूक. पूर्णविराम द्यायचा अवकाश, हिरवी खूण तरंगत आली आणि दोन्ही ओळी उजवीकडून डावीकडे खाऊन गेली. कात्रीबाईंनी पुन्हा लिहिल्या. हिरवी पुन्हा आली. तिसऱ्यांदा तांबडी, तिसऱ्यांदा हिरवी. लेक मागे येऊन उभी राहिली होती. आई आणि साहेब यांचं हे मूकभांडण बघून तिला हसावं की नाही ते कळेना. चौथ्यांदा लिहिलेल्या ओळी पुसल्या गेल्या नाहीत. त्यांच्याखाली हिरव्या खुणेने लिहिलं, 'बाई, नोकरी मलापण आहे.'

कात्रीबाईंनी लिहिलं, 'माहीत आहे. त्या बाईंना उद्या सकाळी इस्पितळात जायचं आहे.'

हिरवी खूण बराच वेळ एका जागी लुकलुकत राहिली. मग चारही ओळी गेल्या, आणि कागदाला कुलूप लागलं. आता त्यात कुणालाच काही लिहिता येत नव्हतं. तिसऱ्या बातमीपुढे 'कॉरिडॉर, चाळीस सेकंद' एवढं उरलं होतं. पट्टीचा उल्लेख नव्हता.

सहा पन्नासला निवेदिकेचं चित्र आलं. तिला पाठीमागे सगळे इस्त्री म्हणत, कारण बावीस वर्षांत तिच्या कपड्याला, आवाजाला किंवा वाक्याला कुणी चुणी पडलेली पाहिली नव्हती. स्टुडिओत या दोघींच्या मधे काच असे आणि बोलणं अहो-जाहोचं. रोज संध्याकाळी एकमेकींची घरं दिसायला लागल्यापासून त्याचं अगं-तुगं झालं होतं. इस्त्रीच्या कोटाखाली फुलाफुलांचा पायजमा असतो हे आता कात्रीबाईंना ठाऊक होतं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा उजेड म्हणजे तिचा नवरा, स्टुलावर चढून दिवा धरून उभा असतो, हेही. बिचारा चष्म्यांच्या दुकानाचा मालक. दुकान बंद होतं, आणि दिवा हलला तर बोलणी खायचा.

कात्रीबाईंनी तिला सगळं सांगितलं. आठ मिनिटांत बसेल एवढं, काहीही न कापता. पांघरुणावर पडलेल्या हाताबद्दल आणि ओढलेल्या पडद्याबद्दलही सांगितलं. इस्त्री आरशात बघत कॉलर नीट करत होती. तिची बोटं तिथेच थांबली.

"आजची दृश्यं, असं कोण म्हणालं?"

"तू."

"मी वाचलं."

"त्या बाईंनी ते तुझ्या तोंडून ऐकलं."

इस्त्रीच्या नवऱ्याने स्टुलावरून काहीतरी म्हटलं, तिने हातानेच त्याला थांबवलं. कागदाबाहेरचा शब्द ती कधी बोलत नसे, आणि त्यालाही कारण होतं. नव्या नव्या असताना एकदा, धरणाच्या बातमीनंतर, तिने स्वतःचं एक वाक्य बोलून टाकलं होतं. फार मोठं नव्हतं, सात-आठ शब्दांचं. त्यानंतर तीन महिने ती पडद्यावर दिसली नव्हती, आणि परत आली ती ही अशी, कडक, घडी न मोडणारी.

"कागदात नाहीये ते," ती म्हणाली.

"नाहीये. मी चारदा लिहिलं, चारदा गेलं. आता ऐक. तिसऱ्या बातमीला मी चित्र लावणार नाही. कॉरिडॉर नाही, काही नाही. चाळीस सेकंद पडद्यावर तूच असशील. ही माझी करणी, उद्या जे काय व्हायचं ते माझं होईल. तू बातमी वाचून पुढे गेलीस तरी मी तुला नावं ठेवणार नाही."

हे शेवटचं वाक्य थोडं खोटं होतं, आणि दोघींनाही ते कळलं.

सात वाजले. बाहेर सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कान लावून ऐकावा लागेल इतका बारीक केला आणि खुर्ची अगदी जवळ ओढून बसल्या. लेकीने तिचा वर्ग अर्ध्यावर सोडून इंटरनेट मोकळं केलं. पहिली बातमी आकड्यांची. नकाशा आला, गेला. दुसरी मास्कच्या तुटवड्याची. ठरलेली चित्रं ठरलेल्या जागी, कोपऱ्यात पट्टीसकट. होय, आज कात्रीबाईंनी प्रत्येक जुन्या चित्रावर पट्टी लावली होती, ठळक, मोठ्या अक्षरांत. दुसरी बातमी संपायच्या आत पलंगावर पडलेला त्यांचा फोन थरथरू लागला. त्यांनी तो उशीखाली सारला.

तिसरी बातमी. इस्त्रीने पहिलं वाक्य वाचलं, शहरातल्या मोठ्या इस्पितळातल्या रुग्णांच्या संख्येचं. इथे चित्र चढायचं. कात्रीबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि एकात एक गुंतवून घट्ट धरले, कारण बोटांना पंचवीस वर्षांची सवय होती, ती आपसूक कळीकडे धावली असती. पडद्यावर इस्त्रीचा चेहरा तसाच राहिला. यंत्राच्या कोपऱ्यात साहेबांचे निरोप उमटू लागले. चित्र कुठाय. मग, चित्र टाका. मग, कुठलंही टाका. कात्रीबाईंनी ते वाचले आणि हात सोडवले नाहीत.

इस्त्रीने दुसरं वाक्य वाचलं. तिसरं वाचलं. बातमी संपली. तिच्यासमोरच्या वाचायच्या पडद्यावर, प्रॉम्प्टरवर, चौथी बातमी सरकून वर आली असणार, बंदरात अडकलेल्या जहाजांची, कारण तिची नजर क्षणभर त्या ओळीवर गेली. तिने श्वास घेतला, पुढचं वाक्य उचलताना घेते तसाच. गेली पुढे, कात्रीबाईंना वाटलं. त्यांना तिला दोष द्यायचा नव्हता, आणि तो द्यायला त्या आत्ताच लागल्या होत्या.

पण इस्त्री वाचत नव्हती. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय तिला प्रॉम्प्टरवरचं एक अक्षर दिसत नसे. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड थोडा थरथरला, सावरला, आणि आधीपेक्षा जवळ आला. साहेबांचा एक निरोप अर्धाच उमटला आणि पुढे काही आलं नाही.

"हे मला कुणी लिहून दिलेलं नाही," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण घडी मोडलेला, घरात बोलतात तसा. "काल याच बातमीत मी म्हणाले होते, आजची ही दृश्यं. ती आजची नव्हती. नऊ आठवड्यांपूर्वीची होती, आणि आम्ही ती रोज दाखवली. त्यानंतर आमच्यापैकी कुणीही त्या वॉर्डात गेलेलं नाही. मीसुद्धा नाही. मी माझ्या घरात बसून तुमच्याशी बोलते आहे."

बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरली आणि शांत झाली.

"खिडकीजवळच्या तिसऱ्या खाटेवरून एक गृहस्थ हात हलवताना तुम्हाला दिसायचे. त्यांच्या घरच्या बाई आत्ता समोर बसल्या असतील, त्यांच्याशी मला बोलायचं आहे. बाई, ते हात हलवत होते ते तुम्हालाच. तुमची मुलगी तुम्हाला खरं तेच सांगते आहे. ते गेले."